दुसऱ्या टोकाचा आवाज

माझ्या दुकानात काउंटरच्या वर एक पाटी आहे. 'पॅटर्न कागदावर लिहून देऊ नये. मालकाने स्वतः समोर उभं राहून फोन उघडून द्यावा.' मिरजेत, इतक्या दवाखान्यांच्या मधोमध असलेल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ही पाटी लोकांना उद्धट वाटते. माणसं घाईत असतात. कुणाची आई आत अ‍ॅडमिट असते, कुणाचा रिपोर्ट यायचा असतो, नेमका तेव्हाच फोन बंद पडलेला असतो, आणि ही बाई म्हणते, तुम्ही इथंच थांबा. काहीजण चिडून पुढच्या दुकानात जातात. त्यातले निम्मे परत येतात, कारण पुढच्या दुकानदाराला बोर्डावरचं बारीक काम जमत नाही. मला जमतं. एवढा अभिमान मी बाळगते.

फोनच्या धंद्यात यायच्या आधी अकरा वर्षं मी याच रस्त्यावर एसटीडी बूथ चालवत होते. प्लायवूडची केबिन, काचेचं दार, आत पंखा. दवाखान्यातून माणूस यायचा, गावाकडे फोन लावायचा आणि 'ऑपरेशन झालं' किंवा 'ते गेलं' एवढं सांगायचा. प्लायवूड पातळ होतं. तासगावपासून जतपर्यंत कितीतरी घरांतली बातमी त्या घराच्या आधी मला कळलेली असायची. ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ मोठ्यानं लावायचे. तरी यायचंच. कुणाचं काही बाहेर बोलले नाही, पण मला माहीत असायचं, आणि बोलून गेलेल्या माणसालाही माहीत असायचं की हिला माहीत आहे. सुट्टे पैसे घेताना तो माझ्याकडे बघायचा नाही.

बूथ बंद पडायला लागले तेव्हा मी सांगलीत मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच बाई, आणि सगळ्यांपेक्षा वयानं मोठी. शिकवणारे सर पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, पार्लरचा कोर्स वरच्या मजल्यावर आहे." मी म्हटलं, "माहीत आहे. पंखा तिकडे बरा आहे, पण मला सोल्डरिंग शिकायचंय." तेव्हापासून हे चालू आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम फोन उघडण्याचं. पण फोन दोन प्रकारे उघडतो. एक, मागचं झाकण तापवून, पत्ती घालून. हे हाताचं कौशल्य. दुसरं, पुढचं कुलूप काढून आतलं दिसायला लागतं ते. पहिलं उघडणं शिकायला मला सहा महिने लागले. दुसऱ्याचं काय करायचं ते शिकायला बरीच वर्षं गेली, आणि ते एका मुलीच्या जिवावर शिकले.

दुकान नवीन होतं. एक गृहस्थ मुलीचा फोन घेऊन आले. काच फुटलेली. मुलगी सांगलीला कॉलेजला होती. तिनं दुरुस्तीसाठी म्हणून पॅटर्न वडिलांना कागदावर काढून दिलेला. मी काच बदलली, टच चालतो का ते बघायला फोन उघडला, आणि ते म्हणाले, "मॅडम, ते मेसेजचं जरा उघडता का? मला त्यातलं कळत नाही." सभ्य माणूस, पांढरा शर्ट. बापच आहे, असा विचार करून मी उघडून दिलं. नुसतं उघडून दिलं नाही, खाली कसं सरकवायचं तेही दाखवलं. ते उभ्या उभ्या वाचत राहिले. मग 'बरं' म्हणाले आणि गेले.

त्या मुलीचं कॉलेज त्याच आठवड्यात बंद झालं आणि महिन्याभरात तिचं लग्न लावून दिलं, हे मला नंतर कळलं. तिच्याकडूनच कळलं. चार-पाच वर्षांनी ती कडेवर मूल घेऊन दुकानात आली. चार्जिंग होत नव्हतं. मी जॅक बदलला आणि सवयीनं विचारलं, "पॅटर्न काय आहे?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सांगू?"

आवाज चढवला नाही. वडिलांना मेसेज कुणी उघडून दिले ते तिला पक्कं माहीत होतं, आणि पुढं काय झालं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मी फोन तिच्याकडे सरकवला, म्हटलं, "नको. तूच काढ, माझ्यासमोर." ती गेल्यावर मी पाटी रंगवायला दिली. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच. ती पुन्हा आली नाही.

आता लोक मला नेहमी विचारतात ती गोष्ट सांगते, कारण पुढचं समजायला ती लागेल. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये नवीन माणसाशी बोलायला लागलं की वर पिवळी पट्टी येते, की हे मेसेज टोकापासून टोकापर्यंत सुरक्षित आहेत. आमच्या मिरजेतले एक तंबोरे बनवणारे चाचा आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांनी ती पट्टी वाचून दाखवायला लावली आणि विचारलं, "म्हणजे काय गं मंगल?"

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही लिहिलं की तुमच्याच फोनमध्ये त्याला कुलूप लागतं. किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये. मधे कंपनी आहे, टॉवर आहे, सगळे आहेत, पण त्यांच्या हातात नुसती बंद पेटी. त्यांना ती पोचवता येते, उघडता येत नाही."

"आणि किल्ली कोण बनवतं?"

"फोनच बनवतो. फोन बदलला की किल्ली बदलते."

चाचांनी जरा विचार केला. "आणि माझी नात पाठीमागून वाकून वाचते, तिचं काय?"

"त्याला कुलूप नाही चाचा."

चाचा हसले आणि म्हणाले, "मग मी आपलं वाचता येणार नाही असंच लिहितो." मोडीत लिहितात की काय कोण जाणे.

पण चाचांनी नेमकी जागा पकडली होती. मधला रस्ता आता पक्का झालाय. पूर्वी मी बूथमध्ये ऐकायचे, तसं मधे बसून ऐकणारं आता कुणी नाही. जे काही होतं ते दोन टोकांना होतं. तिथं माणूस असतो, त्याचं घर असतं, आणि फोन बिघडला की मी असते.

शोभाताई दुकानात आल्या त्या एका सोमवारी सकाळी. शिराळ्याच्या पुढच्या एका गावातनं, दोन एसट्या बदलून. पन्नाशीच्या, हिरव्या काठाचं साधं लुगडं, कपाळ मोकळं. त्यांची एक भाची मिरजेत नर्स आहे, तिनं माझं नाव सांगितलेलं. पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ह्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "बावीस दिस झालं त्यांना जाऊन."

त्यांचे मालक तानाजीराव सकाळी उसाला पाणी द्यायला विहिरीवर गेले होते. मोटर चालू केली आणि तिथंच छातीत कळ येऊन पाटाच्या कडेला पडले. दुपारी शेजारच्या वावरातल्या माणसानं बघितलं. फोन शर्टाच्या खिशात होता, आणि पाट तोवर भरून वाहत होता.

"आवं, दुसरं काय नगं मला त्यातलं," शोभाताई म्हणाल्या. "त्यांचा आवाज पायजे. घरात फोटू लय हायत, आवाज कुठंच न्हाई. रोज सकाळी गोठ्यात बसून फोनवर बोलायचं. बटण दाबून धरायचं आन् बोलायचं. मी म्हनायची, दूध डेरीच्या ग्रुपावर बोलत असतील. ते बोललेलं असंल नव्हं ह्याच्यात?"

असेल, मी म्हटलं. आमच्या नियमाप्रमाणे मृत्यूचा दाखला आणि त्यांचं आधार कार्ड बघितलं, मग फोन उघडला. झाकण काढलं तेव्हाच कळलं. बोर्डावर हिरवट-पांढरा थर चढलेला. त्यात कुणीतरी तो फोन तसाच चार्जिंगला लावून बघितला होता. पाणी गेलेल्या फोनचं पाण्यानं जितकं नुकसान होत नाही तितकं त्या चार्जिंगनं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी झटले. धुतला, वाळवला, जळलेली आयसी काढून दुसरी बसवली. प्राण आला नाही.

बुधवारी त्या पुन्हा आल्या तेव्हा मी खरं ते सांगितलं. फोन गेला. पण सिम कार्ड चांगलं होतं. ते दुसऱ्या फोनमध्ये घालून अ‍ॅप नव्यानं सुरू केलं तर मेसेजची राखून ठेवलेली प्रत असली तर परत येईल. त्या म्हणाल्या, "करा."

इथं मी जरा थांबले. खरं सांगायचं तर त्या मुलीचा चेहरा आठवला. जिवंत माणसाला मी म्हणते, तुमच्या हातानं उघडा. गेलेल्या माणसाला काय म्हणायचं? मी शोभाताईंना विचारलं, "ताई, त्यांच्या फोनमध्ये काय असेल ते असेल. तुम्हाला चालेल ना?"

"पस्तीस वर्सं संसार केला मी," त्या म्हणाल्या. "काय निघायचंय त्याच्यातनं?"

मी माझ्याकडचा एक जुना फोन घेतला, सिम घातलं, नंबर टाकला. त्या नंबरवर कोड आला, तो भरला. राखलेली प्रत सापडली, आणि लगेच खाली पासवर्ड मागितला. तानाजीरावांनी त्या प्रतीलाही कुलूप घातलं होतं. मला आश्चर्य वाटलं. सत्तावन्न वर्षांच्या शेतकऱ्यानं हे करणं म्हणजे कुणाला तरी विचारून, मुद्दाम केलेलं असणार. शोभाताईंनी आठवून आठवून सांगितलं. बैलांची नावं, गावाचं नाव, लग्नाचं वर्ष. एकही लागला नाही. कुलूप कंपनीकडेही उघडत नाही, आणि माझ्याकडे तर नाहीच.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. रुमालाची घडी घालायला लागल्या.

मी 'पुढे जा' दाबलं, म्हणजे जुनं काही न घेता अ‍ॅप रिकामंच सुरू केलं. निदान दूध डेअरीचा ग्रुप दिसेल, तिथल्या कुणाकडे त्यांचं बोलणं असेल तर मागता येईल असा विचार. दुसरं टोक. एका फोनमधून गेलेलं बोलणं दुसऱ्या फोनमध्ये असतंच.

यादी उघडली. डेअरीचा ग्रुप होता. पण त्याच्या वर एक नंबर होता, आणि त्यात एकाखाली एक नऊ ओळी आल्या. प्रत्येक ओळ तीच. 'या मेसेजची वाट पाहत आहोत. थोडा वेळ लागू शकतो.'

हे काय असतं ते मला माहीत होतं. कुणीतरी या नंबरला बोललं होतं आणि ते पोचलं नव्हतं, कारण फोन पाण्यात गेलेला. पेटी दाराशी थांबून राहिली. आता दार उघडलं, पण फोन नवीन, किल्ली नवीन. जुन्या किल्लीची पेटी उघडत नाही. पाठवणाऱ्याचा फोन चालू झाला की तो नव्या किल्लीचं कुलूप लावून आपोआप पुन्हा पाठवतो. तोवर ही ओळ दिसत राहते.

पण मी तारखा बघितल्या. पहिली ओळ तानाजीराव गेले त्याच्या तिसऱ्या दिवशीची होती. शेवटची कालची. गेलेल्या माणसाला कुणीतरी तीन आठवडे बोलत होतं.

"ताई, हा नंबर कुणाचा?"

त्यांना आकड्यांवरून कळेना. मी वरचा गोल फोटो दाबून मोठा केला. लष्करी टोपीतला, मिशीवाला, चाळिशीतला माणूस. शोभाताईंनी फोटो बघितला आणि स्टुलावर बसल्या.

"संपतभावजी," त्या म्हणाल्या. "धाकला दीर."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई इथंच, मिरजेच्या एका दवाखान्यात वारल्या. संपतराव फौजेतून आले ते उशिरा आले. दवाखान्याच्या आवारात, चार पाहुण्यांच्या देखत ते वहिनीला म्हणाले की आईकडे नीट बघितलं असतं तर ती राहिली असती. शोभाताईंनी दीड वर्ष सासूचं अंथरुणातलं सगळं केलं होतं. त्यांनी तिथंच नवऱ्याला सांगितलं, ह्या माणसाचं तोंड मी पुन्हा बघणार न्हाई, आन् तुमीबी त्याच्याशी बोलायचं न्हाई. तानाजीराव 'बरं' म्हणाले. सात वर्षं घरात संपतचं नाव निघालं नाही.

"मयतीला आलं व्हतं तिसऱ्या दिवशी," शोभाताई म्हणाल्या. "मी तोंडावर बोलली त्यांना. म्हनलं, भाऊ जित्ता हुता तवा कवा फोन केला न्हाईस, आता कशाला आलास. काय बोललं न्हाईत. गेलं निघून." त्यांनी फोनकडे बोट केलं. "आन् हे काय हाय मग?"

गोठ्यात बसून तानाजीराव कुणाशी बोलायचे आणि कुलूप कुणापासून लावलं होतं, ते आम्हा दोघींना एकदमच कळलं.

तेवढ्यात पहिली ओळ बदलली. तिच्या जागी आवाजाच्या मेसेजची खूण आली. मग दुसरी. मग भराभर सगळ्या. संपतराव जिथं कुठं होते तिथं त्यांचा फोन चालू झाला होता. ड्युटीवर फोन जमा ठेवावा लागतो, सुटले की मिळतो, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसराच विचार आला. इकडे ओळ बदलली म्हणजे तिकडे त्यांच्या फोनवर, भावाला पाठवलेल्या त्या मेसेजना, पोचल्याच्या दोन टिका उमटल्या.

फोन वाजला.

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. स्पीकर चालू होता, कारण त्या जुन्या फोनचा कानाचा स्पीकर खराब होता.

"दादा?" पलीकडून आवाज आला.

एवढंच. मिशीवाल्या फौजी माणसाचा आवाज, पण लहान पोरासारखा. मी आयुष्यात फोनवर पुष्कळ बोलणी ऐकलीत, पण तसा एक शब्द पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

शोभाताई फोनकडे वाकल्या. मग त्या म्हणाल्या, "मी हाय, भावजी. शोभा."

मी कॉल तुटला की काय म्हणून बघितलं. आकडे चालू होते.

"वयनी," ते म्हणाले. "मला वाटलं... काय वाटलं सांगता यायचं न्हाई. टिका आल्या."

"दुकानात हाय मी, मिरजंत. ह्यांचा आवाज मिळतोय का बघाय आली हुती."

"वयनी, ते माझं मेसेज ऐकू नगा."

"न्हाई ऐकत," शोभाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "रोज बोलत हुता व्हय तुमी दोघं?"

"रोज न्हाई. सुटीचं, आन् फोन मिळंल तवा. तुमास्नी सांगायची हिंमत त्याला झाली न्हाई, मलाबी न्हाई."

"त्यांचं काय हाय तुमच्याकडं?"

"हाय. अलीकडचं दोन-तीन वर्सांचं समदं हाय. त्याच्या आधीचा फोन गेला."

मी त्यांच्या रागाची वाट बघत होते. नवरा सात वर्षं खोटं वागला हे आत्ताच कळलेलं. पण शोभाताई म्हणाल्या, "मग घेऊन या," आणि स्वतःच लाल बटण कुठलं ते विचारून फोन बंद केला.

तो फोन त्या नऊ मेसेजसह त्यांनी घरी नेला. जाताना मी एवढंच सांगितलं की उघडलं तर ते लगेच वाजतात, चुकून बोट लागू देऊ नका.

महिन्याभरानं दोघं एकत्रच दुकानात आले. आत येताना संपतराव पाठीमागे राहिले आणि वहिनीला पुढे केलं. उंच माणूस, फौजेतल्यासारखा ताठ, पण बोलताना खाली बघणारा. शोभाताई समोरच्या मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेल्या तेव्हा ते माझ्याशी बोलले.

"ताई, मी यायचं न्हाई असं ठरवलं हुतं," ते म्हणाले. "म्हनलं, माझं ऐकलं असणार त्यांनी. कुणीबी ऐकलं असतं." त्यांनी स्वतःचा फोन उघडून मला दाखवला. आवाजाचा मेसेज समोरच्यानं ऐकला की पाठवणाऱ्याकडे माइकची खूण निळी होते. नऊच्या नऊ खुणा करड्या होत्या. "रोज बघत हुतो. आज निळी हुईल, उद्या हुईल. महिना झाला, अजून अशीच हाय. मग म्हनलं, जायला पायजे."

आता काम करायचं ते सरळ होतं. भावाचे चारशेच्या आसपास मेसेज होते. एका वेळी ठरावीकच पुढे पाठवता येतात, म्हणून थोडे थोडे निवडून शोभाताईंच्या नव्या फोनवर पाठवायचे, आणि एक प्रत कार्डावर काढून ठेवायची. संपतरावांनी येताना दोन दिवस रेल्वेत बसून सगळे ऐकले होते. तीन मेसेजना त्यांनी ताऱ्याची खूण केली होती.

"हे तीन नगा देऊ," ते हळू म्हणाले. "बाकी समदं द्या. ह्या तीनात दादा माझ्याजवळ रडलाय. एकदा आईसाठी. दुसरं दोन... ते त्याचं आन् माझं हाय. आन् वयनीला सांगू नगा तीन ठेवलं म्हणून."

मी म्हटलं, "फोन तुमचा आहे, मेसेज तुम्हाला आलेत. काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा, आणि तुमच्याच बोटानं निवडा. मी ऐकणार नाही. पण एक सांगते. त्यांनी विचारलं नाही तर मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

त्यांनी मान हलवली. मनातून पटलं नसावं, पण फौजी माणसाला नियम कळतो.

शोभाताई आल्या. तासभर ते काम चाललं. संपतराव निवडत होते, मी जोडणी बघत होते, आणि ताई स्टुलावर बसून स्वतःच्या फोनवर एकेक मेसेज उतरताना बघत होत्या. शेवटचा उतरला. संपतराव हात धुवायला मागे गेले. शोभाताईंनी मला विचारलं, "समदं आलं?"

विचारणार हे मला माहीत होतं. सात वर्षांनी ते नातं नुकतंच जुळलं होतं, आणि माझ्या एका शब्दानं ते पुन्हा तुटलं असतं. खोटं बोलणं सोपं होतं. ते कधी उघडकीला आलंही नसतं, कारण तिसऱ्या कुणाला ते उघडता येणारच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तीन त्यांनी स्वतःकडे ठेवलेत. काय आहे ते मला माहीत नाही. मी ऐकलेलं नाही."

संपतराव मागून आले आणि आमचे चेहरे बघून दारातच थांबले. त्यांना कळलं.

"सात वर्सं मी त्यांना चोरून बोलाय लावलं," शोभाताई दिराकडे न बघता म्हणाल्या. "म्हाताऱ्या मानसाला गोठ्यात जाऊन बसाय लागलं. तीन तर तीन. तेवढं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." मग त्यांनी पिशवीतून मी दिलेला तो जुना फोन काढून त्यांच्यापुढे केला. "आन् हे तुमचं नऊ. तुमीच काय करायचं ते करा. आमी हात लावलेला न्हाई."

"म्हाईत हाय मला, वयनी," संपतराव म्हणाले. त्यांनी फोन घेतला, पण काही पुसलं नाही. तसाच बंद करून खिशात ठेवला.

दुकानात त्या वेळी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. शोभाताई म्हणाल्या, "एक लावा बरं ह्यातलं. कुठलंबी." मी म्हटलं, "ताई, तुमच्या बोटानं." त्यांनी डोळे बारीक करून यादीतला मधलाच एक मेसेज दाबला.

आधी गायीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, मग खाकरणं. मग तानाजीरावांचा आवाज. जाड, सावकाश. लाल गाय आटली होती, डेअरीत फॅट कमी लागत होतं, ऊसतोडीला टोळी मिळत नव्हती. 'तुझ्याकडं थंडी लय असंल, पायमोजं दोन-दोन घालत जा,' असं चाळिशीच्या हवालदाराला सांगत होते. मग एकदम आवाज बारीक झाला. 'बरं, शोभा आली वाटतं च्या घेऊन. ठेवतो.' आणि मेसेज संपला.

शोभाताईंनी दुसरा लावला. त्यात पावसाचं काहीतरी होतं, आणि शेवटी तेच. 'आली बघ शोभा. ठेवतो.' तिसरा लावला. 'थांब, हिचा पाय वाजतोय.'

संपतराव म्हणाले, "समद्याच्या शेवटाला तुमी हायसा, वयनी."

शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मला वाटलं रडतायत. पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. "सात वर्सं," त्या म्हणाल्या, "मला वाटत हुतं, मी च्या घेऊन गेली की हे डेरीवाल्याचं बोलणं माझ्यासाठी बंद करत्यात. म्हनायची, किती मान देत्यात मला."

मग त्यांनी चौथा लावला.